होळी जळाली, आता घड्याळ बदला: खाडीपलीकडच्या गावात वसंतात तब्येत कशी सांभाळायची

आमचं गाव मुंबईतच येतं, महापालिका तीच, मतदान तिथलंच. पण बोरिवलीहून जेट्टीवर यायचं, बोट धरायची, खाडी ओलांडायची आणि पलीकडे उतरलं की गोराई, कुळवेम, मनोरी हा पट्टा सुरू होतो, तो अजून गावच आहे. विहिरी आहेत, भाजीच्या वाड्या आहेत, ताडाची झाडं आहेत, दारात सुकी मच्छी वाळत असते. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं की गावातली माणसं आपोआप तंदुरुस्त असतात, त्यांना कसला व्यायाम आणि कसली काळजी. तसं काही नसतं हो. होळीपासून पुढचे दोन-अडीच महिने इथे माणसं जेवढी आजारी पडतात, थकतात, तेवढी पावसाळ्यातसुद्धा पडत नाहीत असं माझं मत झालंय. आणि त्यातलं बरंचसं टाळता येतं. त्यासाठी काही विकत आणायला लागत नाही, फक्त दिवसाचं घड्याळ बदलायला लागतं. तेच सगळं नीट सांगते.

होळी जळाली थंडी पळाली असं आपण म्हणतो, पण शरीराला हे एका रात्रीत कळत नाही. नवीन उन्हाची सवय व्हायला अंगाला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. माघात आपण सकाळी नऊला आरामात वाडीवर जायचो आणि बारापर्यंत काम करायचो, ऊन गोड लागायचं. फाल्गुनात तेच वेळापत्रक चालू ठेवलं की मार बसतो. आणि आपल्याकडे मार्च फसवा असतो, पहाटे गोधडी लागते आणि दुपारी डोकं भणभणतं. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ ला पारा ४१.७ अंशांवर गेला होता, म्हणजे मे महिना यायचाय म्हणून निर्धास्त राहायचं कारणच नाही.

असं का होतं ते समजून घेतलं तर घड्याळ कसं लावायचं ते पण कळतं. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ना, तेच. सकाळी जमिनीकडून म्हणजे पूर्वेकडून वारा असतो, मग जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो, तो सुटला की जीवात जीव येतो. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस पूर्वेचा वारा जोरात असतो आणि खारा वारा दुपारी उशिरापर्यंत आत येतच नाही, त्या दिवशी पारा चढतच राहतो. आमचे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, ते अकराच्या सुमारास माडाच्या झावळ्यांकडे बघतात. झावळ्या समुद्राकडून हलायला लागल्या नाहीत तर त्या दिवशी दुपारचं जे काही काम असेल ते रद्द. तुम्ही मोबाईलवर हवामान बघत असाल तर तापमानासोबत दमटपणाही बघा, कारण आपल्याकडे घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून आपले ३५ अंश हे नागपूरच्या ३५ सारखे नसतात.

तर घड्याळ असं. साडेपाचला उठणं, सहा ते नऊ अंगमेहनतीचं काम, साडेनऊनंतर सावलीतलं काम, बारा ते चार बाहेर नाहीच, आणि ऊन कललं की पाच ते सात परत बाहेर. हे एकदम करू नका, उठायची वेळ रोज दहा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा म्हणजे आठवड्याभरात जमतं. रात्री दहाला झोपायला मात्र लागेल. हळदीचे डीजे सुरू झाले की ते अवघड होतं हे मलाही माहितीये, पण ज्या रात्री जागरण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जड काम करू नका एवढं तरी पाळा, झोप कमी असली की ऊन दुप्पट लागतं.

आता व्यायाम. गावातल्या बायकांना व्यायाम करा म्हटलं की त्या बघतच राहतात, कारण विहिरीचं पाणी काढलं, दोन हातात दोन झाऱ्या घेऊन पालक-मुळ्याचे वाफे शिंपले की तोच व्यायाम. खरंय ते. फक्त एका हातात भरलेली आणि दुसरा रिकामा असं नको, दोन्ही हातात सारखं वजन घ्या आणि झारी अर्धी भरून दोन खेपा जास्त करा, कंबर वाचते. वाकताना गुडघ्यातून वाका. पण वाडी विकलेल्या, बोटीने शहरात नोकरीला जाणाऱ्या, घरी बसून लॅपटॉपवर काम करणाऱ्या लोकांचं काय, आता गावात तेच जास्त आहेत. त्यांच्यासाठी समुद्र आहे.

ओहोटीची ओली घट्ट वाळू ही चालायला फार चांगली जागा आहे. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि घोटे, पोटऱ्या दुखतात, म्हणून सुरुवात ओल्या वाळूवर करा. आता रोज पाणी कधी उतरणार हे कसं कळणार, तर त्याला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. त्यात सहा तासांहून थोडं जास्त मिळवलं की ओहोटी. म्हणून पौर्णिमा-अमावास्येपासून द्वितीया-तृतीयेपर्यंत सकाळी चालायला किनारा मोकळा मिळतो, आणि अष्टमीच्या आसपास सकाळी सहाला पाणी वर असतं तेव्हा गावातल्या रस्त्यानेच फेरी मारा. हा हिशोब आपल्या मुंबईच्या किनाऱ्यापुरता आणि तोही अंदाजे, त्यामुळे खडकांवर किंवा खाडीच्या तोंडाशी जायचं असेल तर भरती-ओहोटीचा तक्ता बघूनच जा. एकट्याने पाण्यात उतरायचं नाही. हे मी मुलांनाच नाही, मोठ्यांनाही सांगते.

किती चालायचं? आयुर्वेदात वसंताबद्दल एक फार उपयोगी गोष्ट सांगितलीय, या ऋतूत व्यायाम जरूर करा पण अर्ध्या ताकदीने. अर्धी ताकद कशी ओळखायची, तर कपाळाला, काखेत घाम आला आणि तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की थांबायचं. थंडीत साठलेला कफ या दिवसांत सुटतो, म्हणून अंग जड, सुस्त, भूक मंद, सर्दी असं होतं, आणि म्हणून हलतं राहायला सांगितलंय, असं आयुर्वेदाचं म्हणणं. तुम्ही ते मानत असा नसा, पण होळीनंतर सुस्ती येते हे आपण सगळेच अनुभवतो ना. मी स्वतः वीस मिनिटांनी सुरुवात केली, आता पाऊण तास चालते, सोबत शेजारच्या तीन वहिनी असतात, आणि खरं सांगायचं तर त्या आहेत म्हणूनच मी जाते. एकटीचा नेम पाच दिवस टिकतो. चौघींचा असला की एकीने दांडी मारायची म्हटलं तरी बाकीच्या दारात येऊन हाका मारतात.

आयुर्वेदात अजून एक सांगतात की वसंतात दिवसा झोपू नये, ग्रीष्मात चालतं. साडेपाचला उठणाऱ्याला दुपारी पेंग येतेच, मग खुर्चीत बसून वीस मिनिटं डोळे मिटा, पण जेवून आडवं पडून दोन तास नको, संध्याकाळी अंग उठत नाही आणि चालणं बुडतं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. काही वर्षांपूर्वी पाडवा झाल्यावर चार-पाच दिवसांनी बाबा वाडीवर गेले, वांग्याला पाणी द्यायचं राहिलं होतं म्हणून अकरा-साडेअकरापर्यंत थांबले. घरी आले तर बोलणं असंबद्ध, मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारत होते, अंग तव्यासारखं तापलेलं. आम्ही घाबरून आधी त्यांना रिक्षात घालून जेट्टीवर नेलं, आणि बोट नेमकी पलीकडे. ती वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. तिथल्या एका कोळी मावशींनी आपल्याकडचं बर्फाचं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं, ओला पंचा मानेवर ठेवला, टोपलीच्या झाकणाने वारा घातला, तेव्हा ते जरा भानावर आले. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की त्या मावशींनी केलं तेच आधी घरी करायला हवं होतं.

म्हणून लक्षात ठेवा, उष्माघात वाटला तर आधी थंड करा, मग हलवा. ज्याला ऊन लागलंय पण तो शुद्धीत आहे, नीट बोलतोय, नुसतं गरगरतंय, पायात गोळे आलेत, मळमळतंय, त्याला सावलीत आडवा करा, पाय थोडे वर ठेवा, कपडे सैल करा, घोटघोट ओआरएस म्हणजे मीठ-साखरेचं पाणी द्या, अर्ध्या तासात बरं वाटायला हवं. पण जो बरळतोय, गोंधळलाय, झटके येतायत, किंवा शुद्ध हरपलीय, तो उष्माघात. अशा वेळी अंगातला ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेला असू शकतो आणि त्याला पॅरासिटामॉलची गोळी उपयोगाची नाही. १०८ ला, म्हणजे अॅम्ब्युलन्सला फोन लावा आणि तोवर अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला, मान, काख, जांघ इथे बर्फ किंवा ओले फडके ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जाऊन जीव जातो. खारघरला १६ एप्रिल २०२३ ला उघड्यावरच्या कार्यक्रमात ऊन लागून माणसं गेली, मुंबईच्या इतक्या जवळ, एप्रिलच्या मध्यात. तेव्हापासून जत्रा असो, लग्न असो, प्रचारसभा असो, दुपारी मांडव नसेल तिथे आम्ही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नेतच नाही.

पाण्याचं म्हणाल तर तहान लागायची वाट बघू नका. वाडीत काम करताना दर वीस मिनिटांनी पेलाभर, घरी असताना येताजाता. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद झाली की कमी पडतंय. वय झालं की तहान कळतच नाही, म्हणून आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या उशाशी मी सकाळी दोन बाटल्या भरून ठेवते आणि संध्याकाळी रिकाम्या झाल्या का ते बघते. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे, पाणी कमी प्यायला सांगितलंय, किंवा बीपीसाठी लघवीची गोळी चालू आहे, त्यांनी उन्हाळा लागायच्या आधी एकदा डॉक्टरांना विचारून घ्या, स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा छोटा चहाचा. मीठ जास्त झालं तर लहान मुलांना त्रास होतो, म्हणून अंदाजपंचे नको. पाकीट असेल तर त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट, अर्धं अर्धं करू नका. दुकानातली रंगीत गोड खोक्यातली पेयं म्हणजे ओआरएस नाही, जुलाबात ती दिली तर जुलाब वाढतात.

खाण्यात या ऋतूची मजा आहे आणि इथे मी थोडं पाल्हाळ लावणार आहे. कैरी आली की पन्हं, ते कैरी उकडून, गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ घालून. डायबेटिस असेल तर त्याच कैरीचं गूळ न घालता जिरं-मीठ घालून केलेलं सार प्या. नाचणीची आंबील, ताकातली, सकाळी वाडीवरून आल्यावर प्यायली की बारापर्यंत काही लागत नाही. कोकमाचं आगळ असेल तर सोलकढी, आणि आमच्याकडचे ताडगोळे, ते आतल्या पातळ सालीसकट खा, बाजारातून सोललेले काळपट पडलेले घेऊ नका. पाडव्याला कडुलिंबाचा मोहर, गूळ, ओवा, चिंच, हरभऱ्याची डाळ वाटून खातो, तसं चैत्रभर काहीतरी कडू-तुरट खात राहा, शेवग्याची शेंग, कारलं, मेथी. होळीची पुरणपोळी एक दिवस खावी, उरलेलं पुरण आठवडाभर तळून खाऊ नये, या दिवसांत जड तेलकट पचत नाही.

बर्फाचा गोळा आणि गाडीवरचा उसाचा रस यावर मात्र मी कडक आहे. तो बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते आपल्याला माहीत नसतं, आणि कावीळ, गॅस्ट्रो याच दिवसांत घरोघरी होतात. उसाचा रस घ्यायचाच तर समोर काढून, बिनबर्फाचा. विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये तळाला जातं, प्यायचं असेल तर उकळूनच.

पाणी कमी झालं की आपण पिंपं भरून ठेवतो आणि तिथे डास होतात. मलेरियाचा डास शहरात असल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा, आमचा रविवार आहे, त्या दिवशी सगळी पिंपं रिकामी, आतून घासायची, नुसतं पाणी ओतून चालत नाही कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. पिंपाला घट्ट झाकण, नाहीतर जुनी सुती साडी चौपदरी करून दोरीने बांधा. फ्रीजच्या मागचा ट्रे आणि कबुतरांच्या पाण्याचं भांडं विसरू नका.

उकाडा वाढला की माणसं ओसरीवर, अंगणात, गच्चीवर झोपायला लागतात. गच्चीवर हरकत नाही. जमिनीवर झोपू नका हो. मण्यार हा विषारी साप, ती रात्री फिरते, अंथरुणात शिरते, चावली तरी बऱ्याचदा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही, आणि पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, गिळता येत नाही म्हणून माणूस उठतो. असं काही झालं तर अॅसिडिटी समजून घरी बसू नका. खाटेवर झोपा, मच्छरदाणी लावा आणि ती चारी बाजूंनी गादीखाली खोचा, डास आणि साप दोन्ही अडतात. वाडीत पालापाचोळा, पेंढा उचलायच्या आधी काठीने हलवा, त्यात घोणस असते. चप्पल नको, बूट घाला. साप चावला तर दोरी आवळू नका, चिरू नका, तोंडाने ओढू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, चावलेला हात किंवा पाय न हलवता फळीला बांधून थेट प्रतिविष असलेल्या हॉस्पिटलात. सापाला पकडून न्यायची गरज नाही.

मुलांच्या परीक्षा संपल्या की दुपारी बारालाच मैदानात क्रिकेट सुरू होतं. मुलांना अडवू नका, वेळ बदला. आमच्या आळीत आता सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी पाचनंतर खेळतात, दुपारी ओसरीत कॅरम. आठवड्यातून दोनदा आम्ही मोठी माणसंही त्यांच्यात लंगडी, खो-खो खेळतो, पहिल्या दिवशी माझ्या पोटऱ्या आखडल्या होत्या, पण मला ते चालण्याहून जास्त आवडतं. विहिरीत पोहायला मोठं माणूस काठावर असल्याशिवाय नाही, यावर काही चर्चाच नाही. कांजण्या आल्या तर पोराला घरीच ठेवा, सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत, गरोदर बाईला त्या घरात जाऊ देऊ नका. मोठ्या माणसाला आल्या तर कडुलिंबाच्या पाण्यावर थांबू नका, डॉक्टरला दाखवा.

मग येतो मसाला. मिरच्या वाळवणं, भाजणं, कुटणं, बाटल्या भरणं, शिवाय सुकट, जवळा, पापड, पावसाळ्याची सगळी आगोट म्हणजे साठवण. हे काम बायका भर उन्हात गच्चीवर करतात. मिरच्या सकाळी सातला पसरा, खाली या, आणि परत एकदम साडेपाचला वर जा, मधे चाळवायला जायची काही गरज नाही. भाजताना दार-खिडक्या उघड्या, नाकाला ओला रुमाल, ज्यांना दमा आहे त्यांना त्या दिवशी सरळ बहिणीकडे पाठवा. पाटावर सलग चार तास वाकून बसण्यापेक्षा टेबलावर करा, अर्ध्या तासाने उठून दोन फेऱ्या मारा. आणि सुक्या मच्छीत मीठ फार असतं, बीपी असलेल्यांनी ती दोन-तीनदा गरम पाण्यात धुवून खावी, तीही कधीतरीच.

शेवटचं काम आजच करा, याला दहा मिनिटं लागतात. मोठं हॉस्पिटल खाडीपलीकडे आहे, रात्री बोट नसते आणि मग उत्तन-भाईंदरवरून गाडीने वळसा. तेव्हा एका कागदावर १०८, रात्री गाडी काढेल अशा गावातल्या दोन जणांचे नंबर, बोटवाल्या दादांचा नंबर, प्रतिविष कुठल्या हॉस्पिटलात असतं ते आधीच फोन करून विचारून त्याचं नाव, आणि घरातल्या प्रत्येकाच्या चालू गोळ्या लिहून ठेवा. आमचा कागद बाबांनी स्वतः दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, चष्मा सापडला नाही तरी वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात.